वेल सरळ वर चढवावी की जाळीवर आडवी पसरवावी?

पूर्वेची_गॅलरी | २४ जून, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. पुण्यात कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरी साडेदहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, तोंड पूर्वेला. सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत स्वच्छ ऊन येतं, नंतर नुसता उजेड.

गेल्या पावसाळ्यात १५ इंची ग्रो बॅगेत कारल्याची एक वेल लावली होती. ती ग्रिलवरून सरळ वर निघाली आणि मी कौतुकाने सुतळी सोडत गेले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत खालची पाच-सहा फूट वेल म्हणजे नुसती दांडी राहिली. पानं पिवळी पडून गळली आणि सगळा बहर चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या ग्रिलला! अख्ख्या हंगामात ११ कारली लागली. त्यातली ७ काकूंनीच काढून, डब्यात घालून मला आणून दिली.

यंदा 'हिरकणी'चं बी लावलंय. दोन बॅगांत दोन वेली, आज सहा-सात पानांवर आहेत. एका ओळखीच्यांनी सांगितलं की कमरेच्या उंचीवर चार इंची चौकटीची जाळी आडवी ताण, शेंडा खुड आणि फुटवे जाळीतून विणत जा, उत्पन्न दुप्पट होईल. खरंच होतं का असं? कुणी स्वतः केलंय का? शेंडा खुडायला हात धजत नाहीये.

---

केळफूल | २४ जून, ८:१५

खुडा. मीही पहिल्यांदा डोळे मिटूनच खुडला होता. आठ दिवसांत तीन बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतले फुटवे, आल्या.

---

दिंडोरीचा_बागाईतदार | २४ जून, ९:०२

ताई, आमचं आयुष्य वेली आडव्या करण्यातच गेलं, म्हणून लिहितो.

द्राक्षाची वेल मोकळी सोडली तर तुमच्या कारल्यासारखीच वर पळते, खाली लाकूड आणि वर पाला. म्हणून पहिल्या वर्षी खोड तारेपर्यंत नेलं की शेंडा मारतो. फुटतात त्यातले दोन बाजूंना दोन धरून तारेवर आडवे बांधतो, त्यांना ओलांडे म्हणतात. ओलांडा आडवा झाला की त्याच्या प्रत्येक डोळ्याला, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेला, फुटायची संधी मिळते. उभाच ठेवला तर टोकाचे दोन-तीन डोळे जोरात फुटतात आणि मागचे झोपून राहतात. पुढे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे जुन्या काड्या आखूड कापल्या की, नव्या काड्या येतात. त्यांचाही सात पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे बाजूची काडी, करतो आणि काड्या तारेवर अशा पसरवतो की एकीची सावली दुसरीवर पडू नये.

सगळं गमक या सावलीत आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड त्या डोळ्यात मे-जूनमध्येच तयार झालेला असतो. त्या दिवसांत डोळ्याला ऊन मिळालं नाही तर घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेटोळा तणावा, निघते. २०२५ मध्ये मेअखेरीलाच पाऊस आला, आभाळ हटेना. त्या वर्षी आमच्या बागेत काड्या जोमदार होत्या, पाला हिरवागार होता आणि घड मोजायला दोन हात पुरले.

म्हणून जाळी लावा, पण जाळी उत्पन्न देत नाही, जाळीवर पडणारं ऊन देतं.

---

रानमेवा | २४ जून, ११:३०

थ्री-जी कटिंग करा! मुख्य वेल म्हणजे पहिली पिढी, तिचा शेंडा खुडला की दुसरी, तिचा खुडला की तिसरी. तिसऱ्या पिढीवर सगळी मादी फुलंच येतात. माझ्या दुधीला एका वेलीवर इतके दुधी लागले की सोसायटीत वाटून संपले नाहीत. कुठल्याही वेलीला चालतं.

---

आबा_जुन्नर | २४ जून, १२:१०

'कुठल्याही वेलीला' हे पटत नाही. दुधी, कारलं, खरबूज यांच्यात बगलफुटींवर मादी फुलं जास्त येतात, हे खरं. पण पॉलीहाऊसमधल्या ज्या काकडीच्या जातींना जवळजवळ सगळी मादी फुलंच येतात, त्यांच्या मुख्य खोडावर पेरापेराला काकडी लागते. तिथे शेंडा खुडलात तर हातचं गेलं. आम्ही उलट खालच्या बगलफुटी काढतो आणि मुख्य खोड सुतळीवर सरळ वर नेतो.

आणि दुधी-कारल्यात 'सगळी मादी' सहसा नसतात. नर फूल नसेल तर मादी फुलाचं करणार काय?

---

रानमेवा | २४ जून, १२:२५

आबा, मान्य. मी दुधीवरून बोललो. काकडी कधी लावली नाही.

---

सायटोप्लाझम | २४ जून, रात्री १०:५०

शेंडा खुडल्यावर बगलेतले डोळे का फुटतात, हे थोडक्यात सांगते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली झिरपत जातं. त्याचा पुरवठा चालू असेपर्यंत खालचे डोळे दबून राहतात. थिमन आणि स्कूग यांनी १९३० च्या दशकात घेवड्याच्या जातीच्या एका झाडावर, म्हणजे बाकल्यावर, हे दाखवलं. शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावलं तर डोळे फुटलेच नाहीत. बरीच वर्षं आम्ही एवढंच शिकवत होतो. मग २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या कामातून दिसलं की शेंडा गेल्यावर पहिला धक्का साखरेचा असतो. शेंडा जी साखर ओढून घेत होता ती मोकळी होते, डोळ्यांपर्यंत पोचते आणि ते जागे होतात. ऑक्सिन कमी होण्याचा परिणाम तिथवर पोचायला त्याहून वेळ लागतो.

यातून घरच्या बागेपुरतं एवढं घ्यायचं की खुडताना झाडात साखर हवी, म्हणजे ते जोमात हवं. दोन दिवस पाण्याविना मान टाकलेल्या किंवा नुकत्याच बॅग बदललेल्या रोपाचा शेंडा खुडू नका.

---

पूर्वेची_गॅलरी | २५ जून, सकाळी ६:५५

वा, रात्रीत केवढं आलंय! आज शेंडा खुडते. सायटोप्लाझम, वेली जोमात आहेत, परवाच गांडूळखत घातलंय.

---

मिरचीवाला_कॅल्गरी | २५ जून, सकाळी ९:३०

मी वेली लावत नाही, मिरच्या लावतो. तळघरात, दिव्याखाली. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, खिडकीत कोथिंबीरसुद्धा लांबट आणि फिकी येते.

आडव्या जाळीची ही पद्धत मला शेजाऱ्याकडे दिसली. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि आमच्या प्रांतात घरटी चार झाडं लावता येतात. झाडांची संख्या कायद्याने बांधलेली, तळघराची उंचीही बांधलेली. म्हणून हे लोक झाड उंच न नेता जाळीखाली पसरवतात. मला ते झाड नको होतं, पण जाळी हवी होती.

कुंड्यांच्या काठापासून साधारण वीतभर वर जाळी बांधली. मिरचीचं रोप सहा-सात पानांचं झाल्यावर शेंडा खुडला. फांद्या जाळीतून दोन-तीन इंच वर आल्या की बोटाने खाली दाबून पलीकडच्या चौकटीत ढकलायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मान वर केलेली असते. जाळी साधारण पाऊण भरेपर्यंत हाच उद्योग. मग फांद्यांना वर जाऊ द्यायचं आणि फुलं धरू द्यायची. भरायच्या आधी थांबलात तर दिवा रिकाम्या चौकटींवर जळतो, फार उशीर केलात तर नुसती गचपण होते.

गेल्या हिवाळ्यात एकाच वेळी लावलेल्या दोन थाई मिरच्या जाळीखाली आणि दोन मोकळ्या ठेवल्या. मोकळ्यांच्या शेंड्याला भरपूर मिरच्या होत्या, पण खालच्या फांद्या अंधारात वांझ राहिल्या. जाळीवाल्यांना सगळीकडे सारख्या लागल्या. पहिला तोडा मात्र तीन आठवडे उशिरा आला, ही किंमत धरून चाला.

---

केळफूल | २५ जून, ९:५०

'मला ते झाड नको होतं, पण जाळी हवी होती.' वाचून घरातल्या सगळ्यांना ऐकवलं! 😄

---

नियमावली_वाचलीत_का | २५ जून, १०:२०

मंडळी, एक आठवण. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार घरी गांजा लावणं गुन्हा आहे, एक रोप असलं तरी. कॅल्गरीकरांनी तिथल्या कायद्यातलं लिहिलंय, हरकत नाही. इथे कारली, मिरच्या, द्राक्षं यांवरच बोलू या.

---

मिरचीवाला_कॅल्गरी | २५ जून, १०:४१

अगदी. माझं सगळं प्रेम ठेच्यावर आहे.

---

आजी_गुहागर | २५ जून, दुपारी ३:१५

सूनबाई वाचून दाखवते आणि मी सांगते ते ती लिहिते.

आमच्याकडे परसात माटव असतो. पुरुषभर उंचीचा, हात वर करून फळ तोडता येईल एवढा. त्यावर पडवळ, दोडका, कारलं. बुंध्यापासून माटवापर्यंत एकही फूट ठेवायची नाही, सगळ्या खुडायच्या. वेल माटवावर चढली की मग शेंडा मोडायचा आणि सोडून द्यायची, तिची ती पसरते. पडवळ दोन वितीचं झालं की टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधायचा म्हणजे ते सरळ लोंबतं, नाहीतर वेटोळं होतं आणि चिरायला त्रास.

मुली, तू कमरेएवढी जाळी बांधलीस तर फळं खाली लोंबणार कुठे? जमिनीवर टेकली की कुजतात. आणि पलीकडच्या बॅगेला पाणी घालायला तू जाशील कशी?

---

पूर्वेची_गॅलरी | २५ जून, ४:०५

आजी, हा विचारच केला नव्हता! साडेतीन फुटांची गॅलरी, जाळी आडवी टाकली तर मला रांगत जावं लागेल.

---

दिंडोरीचा_बागाईतदार | २५ जून, रात्री ८:३०

आजींनी नेमकं बोट ठेवलं. मी सकाळपासून एकच विचार करतोय, ताईंच्या गॅलरीत ऊन कुठून येतं? पूर्वेकडून, तिरकं. डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब आहे. आडवी जाळी टाकली तर ग्रिलजवळच्या फूटभर पट्टीला ऊन मिळेल, आतल्या पानांना नाही.

कॅल्गरीकरांचा दिवा वर आहे म्हणून त्यांची जाळी आडवी. आजींच्या परसात सूर्य डोक्यावर येतो म्हणून माटव आडवा. आम्ही वाय पद्धतीत तारा दोन्हीकडे तिरक्या घेतो. तुमचा उजेड समोरून येतो, तर जाळी ग्रिलला समांतर उभीच हवी, आणि त्या उभ्या जाळीवर वेल आडवी चालवायची. डावीकडून उजवीकडे न्यायची, फूटभर वर घेऊन उजवीकडून डावीकडे. जुना नोकियाचा साप आठवा.

---

सायटोप्लाझम | २५ जून, ८:५५

दादा, हे फार नेमकं सांगितलंत. जाळीचं तोंड उजेडाकडे आणि फांदीचा कल जमिनीला समांतर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण सगळे त्या एकच धरून बोलत होतो.

---

टेम्सकाठ | २६ जून, पहाटे २:१०

जरा अवांतर. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ साली लावलेली एकच द्राक्षवेल अजून फळते. काचघरात, छताखाली तारांवर आडवी पसरवलेली. वर्षाला सरासरी पावणेतीनशे किलो द्राक्षं देते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला नाशिकच्या मामांचा मांडवच आठवला. फोटो पाठवला तर मामांनी विचारलं, 'आणि यांना भुरी येत नाही का?' (भुरी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.)

---

दिंडोरीचा_बागाईतदार | २६ जून, सकाळी ७:२०

मामांचा प्रश्न एकदम बागाईतदाराचा आहे. 😀

---

आबा_जुन्नर | २६ जून, ८:००

विणताना दोन गोष्टी पाळा.

फूट सकाळी वाकवू नका. रात्रभर पाणी पिऊन ती काकडीसारखी टणक झालेली असते, कट्कन मोडते. दुपारी तीन-चारच्या सुमाराला थोडी सैल पडते, तेव्हा हळूच वळते. एकदम काटकोनात नाही, आज थोडी, उद्या थोडी. अर्धवट चिरलीच तर चीर मिटवून कापडी पट्टी गुंडाळा, बहुतेक वेळा जगते.

दुसरं, कारल्याचे तणावे जाळीला गच्च वेटोळे घालतात. एकदा धरल्यावर ओढून सोडवायला जाऊ नका, तणावा कापा आणि मग फूट हलवा. ओढलीत तर साल निघते.

---

घारोळे | २६ जून, सकाळी १०:१२

कळकळीची विनंती, बारीक नायलॉनची जाळी वापरू नका. माझ्या गॅलरीत शिंजीर अडकला होता. नखं आणि पंख दोन्ही गुंतलेले, छाती धडधडताना दिसत होती. नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक धागा तोडायला वीस मिनिटं लागली. उडून गेला, पण त्याच दिवशी जाळी काढली. आता जाड सुतळी हाताने विणते, चौकट सहा इंचांची. त्यात हातही आत जातो, फळही मावतं.

---

पूर्वेची_गॅलरी | २६ जून, ११:३०

सुतळीच आणते. आमच्याकडेही शिंजीर येतात, जास्वंदीवर.

---

केळफूल | ३० जून, संध्याकाळी ६:४०

गॅलरीत मधमाश्या येतात का? तिसऱ्या मजल्यावर पावसात फारशा फिरकत नाहीत. मादी फुलं येऊन पिवळी पडून गळायला लागली तर हाताने परागीभवन करा. मादी फुलामागे इवलंसं कारलं दिसतं. नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. कारल्याचं सकाळी नऊच्या आत. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, त्यांचं दिवेलागणीला.

---

रानमेवा | ३० जून, ७:०५

आणि बॅगेकडेही पाहा. १५ इंची बॅगेतली मुळं किती पाला पोसणार? माझ्या दुधीला तिसऱ्या पिढीपर्यंत फुटवे आले, पण बॅग लहान होती. फळं धरली आणि निम्मी वीतभर होऊन सुकली. कारल्याला चार फुटवे ठेवा, बाकीचे काढा.

---

सायटोप्लाझम | ३० जून, ७:४०

रानमेवा यांच्याशी सहमत. फुटवे वाढवणं सोपं, पोसणं अवघड. जाळी भरल्यावर पाणी सकाळ-संध्याकाळ लागेल, आणि दर पंधरवड्याला मूठभर शेणखत किंवा गांडूळखत.

---

आजी_गुहागर | १ जुलै, दुपारी १२:२०

पावसात पाला दाट झाला की आतून हवा खेळत नाही आणि पानांवर केवडा रोग येतो. जाळीपलीकडचं माणूस दिसेल एवढी विरळ ठेव. म्हातारी पानं काढत जा. आणि कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांध, फळमाशी डंख मारते. वरून फळ छान दिसतं आणि चिरलं की आत अळ्या.

---

पूर्वेची_गॅलरी | १७ सप्टेंबर, रात्री ९:१५

उशिरा येतेय, पण मोजून आलेय.

ग्रिलच्या आत वीतभर अंतर सोडून सुतळीची उभी जाळी विणली, सहा इंची चौकट, लांबी नऊ फूट, उंची साडेपाच. एका वेलीचा शेंडा सातव्या पानावर खुडला, चार फुटवे ठेवले, आणि बागाईतदार दादांनी सांगितलं तसे डावी-उजवीकडे चालवले. दुसऱ्या वेलीचा शेंडा खुडला नाही, पण तीही आडवीच चालवली. मला खुडण्याचा आणि वळवण्याचा फरक वेगळा पाहायचा होता.

न खुडलेलीला पहिलं कारलं १ ऑगस्टला निघालं, खुडलेलीला १२ ऑगस्टला. आजपर्यंत न खुडलेलीची १९, खुडलेलीची २६. गेल्या वर्षीच्या ११ च्या मानाने दोन्ही चांगल्या. म्हणजे माझ्या गॅलरीत तरी नुसतं आडवं वळवल्यानेच मोठा फरक पडला. वळवलेल्या वेलीच्या वरच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक पेरातून फूट निघाली, खुडलेली नसूनही. ओलांड्याचं तुम्ही लिहिलं होतंत तेच डोळ्यांसमोर पाहिलं.

नुकसानही सांगते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सलग पाऊस होता तेव्हा पाला विरळ केला नाही. केवड्याने खालची दहा-बारा पानं गेली. आजींचं ऐकायला हवं होतं. आणि पिशव्या बांधायच्या आधीची ४ कारली माशीने नेली, ती वरच्या मोजणीत धरलेली नाहीत.

मधमाश्या आल्याच नाहीत. रोज चहाच्या आधी फुलं फिरवत होते.

---

दिंडोरीचा_बागाईतदार | १७ सप्टेंबर, ९:४०

ताई, एक वेल खुडून आणि एक तशीच ठेवून पाहिलीत, हे फार आवडलं. आमच्याकडेही नवीन काही करायचं तर आधी एकाच ओळीवर करतात.

---

मिरचीवाला_कॅल्गरी | १७ सप्टेंबर, ९:५८

माझे तीन आठवडे, तुमचे अकरा दिवस. खुडल्याचा उशीर दोघांनाही भरावा लागला.

---

केळफूल | १७ सप्टेंबर, १०:०५

आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू?

---

पूर्वेची_गॅलरी | १७ सप्टेंबर, १०:२०

ऑगस्टमध्ये त्यांनी जिन्यात विचारलं, 'यंदा वेल वर आली नाही गं?' आवाज असा होता की मी घरी येऊन एक फूट जाळीतून मोकळी केली आणि सुतळीवरून वर सोडली. सध्या त्यांच्या ग्रिलला दोन कारली आहेत. त्या तोडत नाहीत, मला फोन करून बघायला बोलावतात.

---

आबा_जुन्नर | १८ सप्टेंबर, सकाळी ६:३०

हिरकणी संकरित नाही, बी धरता येईल. आसपास कुणी दुसऱ्या जातीचं कारलं लावलं नसेल तर काकूंकडचं एक तोडू नका. नारिंगी होऊन खालून उकलू लागलं की काढा. आतल्या बिया लाल गरात असतात, तो धुऊन सावलीत वाळवा.

---

पूर्वेची_गॅलरी | १८ सप्टेंबर, ७:१०

काकूंना कळवलं. त्यांनी त्या कारल्याला लाल दोरा बांधलाय, चुकून कुणी तोडू नये म्हणून.